पुन्हा पहाटेची पायपीट

यंदाच्या भीमजयंतीच्या आधीच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात रक्तातील साखर तपासण्याचे शिबिर झाले. शिबिर भरवण्यात आम्हीच पुढे होतो. पत्रक आम्ही लिहिले, माइकवरून दोन तास आम्हीच ओरडलो. रांग संपल्यावर तपासणाऱ्या मुलीने आमचेही बोट टोचले. उपाशीपोटीचा आकडा निघाला 218. सबंध यादीत एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुणाचा नव्हता! उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त साखर दोनदा आली तर मधुमेह समजावा, हे आमच्याच पत्रकात छापलेले होते.

गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "चालता का?" आम्ही म्हणालो, "चालत होतो."

ते खरेच होते. आमच्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, विद्यापीठाच्या बाजूला पहाटे फिरणाऱ्यांची कमी नाही. आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक होते, सगळे त्यांना काका म्हणत. पाच वाजता ते काठीने आमचे दार वाजवीत आणि "चला, डबल बेल!" अशी हाक मारीत. मग नागसेनवनातून, मिलिंद महाविद्यालयावरून विद्यापीठ गेट आणि तिथून आत सोनेरी महालाच्या रस्त्याला. सुटीच्या दिवशी थेट बुद्धलेणीपर्यंत. पायऱ्या चढून लेणीच्या तोंडाशी बसले की खाली बीबीका मकबऱ्याचे मिनार दिसत. चार वर्षे हा नेम चालला. मग 2020 ची टाळेबंदी आली, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने काकांनाच नेले. त्यानंतर आम्ही चाललो नाही. विचारणाऱ्याला ऑफिसचे काम, चळवळीचे काम असे सांगत राहिलो. खरे कारण एवढेच की पाच वाजता दार वाजत नव्हते.

आमचे वडील मोंढ्यात हमाली करीत. फिरायला जाणारी माणसे पाहून ते हसत. खाल्लेले जिरवण्यासाठी चालावे लागते, म्हणजे किती खाल्ले असेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पिढीला कामासाठी चालावे लागले, नाही तर हक्कासाठी. आमचे एक मामा 1979 साली नागपूरहून नामांतरासाठी निघालेल्या लाँग मार्चमध्ये होते. त्यांच्या टाचांच्या भेगा आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. आज त्याच गेटसमोरून जाताना आम्हाला कुणी अडवत नाही आणि पाठीवर पोतेही नाही. दहा ते सहा खुर्ची, आणि संध्याकाळी बैठका. बापाने पाठीवर ओझे वाहून आम्हाला बी.कॉम. केले, ते आम्ही पोट वाढवण्यासाठी वापरले, असे कधी कधी वाटते.

त्यात चहा. कार्यकर्त्याला दिवसात आठ-नऊ कप होतात, आणि नाही म्हणता येत नाही. ज्या समाजाच्या हातचे पाणी लोक घेत नव्हते, त्या समाजात घरी आलेल्याने चहा नाकारला की मन दुखावते. आता आम्ही "बिनसाखरेचा द्या, पण अर्धा कप नक्की द्या" असे म्हणतो. पहिले काही दिवस जड गेले.

मे महिन्यात पुन्हा चालू लागलो. पहिल्या दिवशी गेटपर्यंत पोचेपर्यंत धाप लागली. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्ट करण्याचे बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते, आणि चालताना साधलेली मनाची एकाग्रता फार काळ टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आहे. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालायला सांगितले. शिवाय चपलेऐवजी मोजे-बूट घालायचे, रात्री तळपाय निरखून पाहायचे, खिशात साखरेची पुडी ठेवायची. साखर एकदम उतरली तर चक्कर येते, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांना. वाचकांपैकी कुणाला साखर असेल तर या गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत.

एक दिवस आम्ही मोठ्या उत्साहाने पत्नीला म्हणालो, "तूही चल. तुझे गुडघे मोकळे होतील." ती अंगणवाडीत जाते, घरचे सगळे करते. ती म्हणाली, "अहो, आज नळ आहे."

आमच्याकडे नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येते, आणि आमच्या गल्लीची पाळी नेमकी पहाटेची. सगळ्या बाया हंडे, टाक्या, पाइप घेऊन दारात. काकांच्या काळीही आम्ही त्या गर्दीतूनच बूट घालून फिरायला गेलो होतो, हे तेव्हा ध्यानात आले. ती पुढे म्हणाली, "समतेवर तुम्ही चांगलं बोलता. पाण्याच्या दिवशी फिरणं तुमचं आणि भरणं माझं, एवढं मात्र ठरलेलं."

उत्तर सुचले नाही. पुढच्या नळाच्या दिवशी आम्ही बूट घातलेच नाहीत. ती काकूंना, म्हणजे काकांच्या पत्नीला, सोबत घेऊन गेली. काका गेल्यापासून काकू विहार सोडून फारशा कुठे जात नव्हत्या. "इतकी वर्षं हे रोज जायचे, मला रस्ताच माहीत नाही," असे त्या म्हणाल्या.

इकडे आमची फजिती झाली. पाइप सुटला, अंगणात चिखल, टाकी भरायच्या आत पाणी गेले. समोरच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, आज काय आंदोलन आहे का?" दोन हंडे रिकामेच राहिले. घाम मात्र चालण्यापेक्षा जास्त आला.

दोघी परतल्या तेव्हा ऊन आले होते. काकूंना गेटपर्यंत जाता आले, तिथे बसून त्यांनी थोडे रडून घेतले, असे पत्नीने नंतर सांगितले. तिने रिकामे हंडे पाहिले, काही बोलली नाही, शेजारून एक भरून आणला.

आता नळ नसलेल्या दिवशी आम्ही तिघे जातो आणि नळाच्या दिवशी त्या दोघी. गल्लीतल्या आणखी दोघी विचारत आहेत, पण त्यांच्या घरी हंडा कोण धरणार, हे ठरायचे आहे. एकाच्या नवऱ्याशी आम्ही बोललो, तो हसण्यावारी नेतो आहे. आमची उपाशीपोटीची साखर परवा 146 आली. गोळी सुरूच आहे. काकूंना सोनेरी महालापर्यंत जायचे आहे, पुढे लेणीच्या पायऱ्या. आम्ही पाइपला नवीन क्लिप आणून ठेवली आहे. पुढचे पाणी शुक्रवारी आहे.