आमचा जुना सोबती

जुन्या वस्तूचा निरोप घेणें हें नवी वस्तु विकत घेण्यापेक्षां पुष्कळ अवघड असतें. खरेदीला पैसा लागतो. निरोपाला मन लागतें. शाळेंत असतांना आम्हीं किती दप्तरें फाडलीं व किती टांक मोडले याची आज आठवणहि नाहीं. परंतु वयाच्या पन्नाशींत एका गंजलेल्या मोटारगाडीनें आम्हांस निरोपाचा जो धडा दिला, तो आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच आरंभिला आहे.

नगर जिल्ह्यांतील एका लहान खेड्यांतून आम्ही या शाळेच्या वसतिगृहांत आलों, आणि पुढें आधीं शिक्षणासाठीं व मग पोटासाठीं अमेरिकेंत जाऊन मिशिगन राज्यांत स्थायिक झालों. तिकडे पिकअप ट्रक हें वाहन घरोघर दिसतें. पुढें दोघांतिघांना बसण्यापुरती जागा आणि मागें उघडा हौदा, असें त्याचें रूप. आमचा पिकअप 1998 सालीं कारखान्यांतून बाहेर पडला व 2005 सालीं दुसऱ्या हातानें आमच्याकडे आला. रंग हिरवा, इंजिन आठ सिलिंडरांचें, आवाज धीरगंभीर. त्यानें आमचें बिऱ्हाड दोनदां हलविलें, शेजाऱ्यांचा पियानो वाहिला, हिवाळ्याचें सर्पण आणलें; आणि आमच्या कन्येनें मोटार चालविण्याचा श्रीगणेशाहि त्याच्याच सुकाणूवर गिरविला.

परंतु त्याचें खरें वैभव उन्हाळ्यांत दिसे. आमच्यापाशीं अठरा फूट लांबीचा एक प्रवासी ट्रेलर आहे. हें चाकांवरचें लहानसें घरच म्हणावें; आंत बिछाने, चूल, पाण्याची टांकी, सर्व कांहीं. सामानासह त्याचें वजन 3,500 पौंड, म्हणजे सुमारें सोळाशें किलो भरतें. हें घर मागें जोडून आमचा हिरवा सोबती उत्तरेकडे निघे. मिशिगन सरोवराच्या कांठचे स्लीपिंग बेअरचे वाळूचे डोंगर, सीडर वृक्षांच्या दलदलींतून येणारें, चहाच्या रंगाचें पाणी कोसळविणारा टाहक्वामेननचा धबधबा, हें सारें आम्हीं त्याच्याच कृपेनें पाहिलें.

इ. स. 2022 च्या उन्हाळ्यांत मात्र एक प्रसंग ओढवला. निघण्याच्या घाईंत आम्हीं सर्पणाच्या मोळ्या व पाण्याचे डबे ट्रेलरच्या अगदीं मागच्या कोपऱ्यांत कोंबले. हमरस्त्यावर ताशीं पासष्ट मैलांचा वेग घेतला, आणि एका उतारावर ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊं लागला. प्रत्येक झोका पहिल्याहून मोठा. मागचें घर पुढच्या गाडीला शेपटीसारखें हलवूं लागलें. अशा वेळीं पाय सहजच ब्रेकवर जातो; पण तेंच घातक. वेगाच्या पेडलवरचा पाय हळूच काढावा, सुकाणू सरळ धरावें, आणि ट्रेलरच्या चाकांना जो निराळा ब्रेक असतो तो हातानें दाबावा, हा नियम सुदैवानें आम्हांस आठवला. ट्रेलर सांवरला. आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, तेव्हां आमची सौभाग्यवती एक शब्दहि बोलली नाहीं. आणि तिचें न बोलणें हें बोलण्याहून अधिक असतें, हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे.

पुढें टेलिफोनवर ही हकीकत गांवीं आईला सांगितली. वाहनशास्त्राचा नियम असा कीं, ट्रेलरच्या एकंदर वजनापैकीं शेंकडा दहा ते पंधरा भाग पुढच्या जोडावर पडला पाहिजे. तो कमी पडला कीं ट्रेलर डोलूं लागतो. आमच्या ट्रेलरपुरतें बोलायचें तर 350 ते 525 पौंड. हें सर्व आम्ही मोठ्या विद्वत्तेनें समजावीत होतों. आईनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, "अरे, म्हणजे गाडी उलाळ झाली होती. एवढंच ना? कडब्याची गाडी भरतांना तुझे वडील नेहमीं सांगायचे, ओझं मागं गेलं कीं जूं बैलांच्या मानेवरून उठतं." जें आम्ही इंग्रजी पुस्तकांतून शिकलों, तें आमच्या घरांत एका शब्दांत सांठविलेलें होतें, आणि आम्हीं तो शब्दच विसरून टाकला होता.

मनांत भीति बसल्यामुळें आम्हीं पिकअप तपासण्यास नेला. कारागिरानें गाडी वर उचलली, मागच्या चाकांजवळ चासीला पेचकस टेंकविला, आणि तो पेचकस लोखंडांत मुठीपर्यंत आरपार गेला. मिशिगनमध्यें हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या पोटांतच सुमारें 1,200 फूट खोलीवर मिठाची मोठी खाण आहे. तें मीठ माणसांचे प्राण वांचवितें आणि गाड्यांचे घेतें. पंचवीस हिवाळ्यांचें खारें पाणी पिऊन आमचा सोबती वरून हिरवागार, पण आंतून पोकळ झाला होता. कारागीर म्हणाला, "गांवांत चालवा हवी तर, पण यापुढें हिच्यामागें कांहीं जोडूं नका."

त्याच सुमारास आईनें 1 वर्षानें, म्हणजे 2023 च्या उन्हाळ्यांत, आमच्याकडे येण्याचें कबूल केलें. तिचें वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे. आणि आम्ही मुलांसह पांच माणसें. पिकअपमध्यें पांच माणसें बसतां ना, व त्याची उंच पायरी तिला चढतां ना. तेव्हां जें वाहन माणसांना पोटांत घेईल आणि ट्रेलरहि ओढील, तेंच हवें होतें. तें म्हणजे मोठी व्हॅन. युरोपीय घडणीच्या उंच व्हॅनी अमेरिकेंत अलीकडे रुळल्या आहेत. ब्रिटनमध्यें 1965 पासून धांवणारी फोर्डची ट्रान्झिट 2014 सालीं तिकडे विक्रीस आली, व आम्हींहि त्याच जातीची एक वापरलेली गाडी पाहिली.

येथें एक सांगणें अवश्य आहे. विक्रेते ओढण्याच्या शक्तीचा मोठा आंकडा सांगतात. परंतु शहाण्या मनुष्यानें आधीं चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टी वाचावी. माणसें व सामान मिळून गाडीनें किती भार वाहावा, हें तीवर छापलेलें असतें, आणि जोडावरचा भारहि त्यांतच धरावा लागतो. आम्हीं कागद घेऊन पांच माणसांचे सातशें पौंड, सामानाचे तीनशें, जोडाचे साडेचारशें, अशी बेरीज मांडली. पट्टीवरचा आंकडा या बेरजेहून बराच मोठा निघाला, तेव्हां सौदा केला. व्हॅनमध्यें एक उणेंहि आहे. तिचा मागचा भाग चाकांच्या पुढें पुष्कळ लांब गेलेला असतो, त्यामुळें ट्रेलरला तिला हलविण्यास मोठी तरफ मिळते. म्हणून झोके आवरणारी एक दांडी जोडावर बसवून घेतली. जून महिन्यांत विमानतळावर आईनें ती उंच पांढरी गाडी पाहिली व उद्गारली, "एवढा मोठा मॅटाडोर!"

आतां उरला जुना सोबती. विकण्याची जाहिरात दिली. एका परिचित गृहस्थांनीं सल्ला दिला कीं, काळ्या रंगाचा एक डबा आणून चासीवर फिरवा. खालीं वांकून कोण पाहतो? वाचकहो, आम्ही येथें खोटें लिहीत नाहीं. आम्हीं तो डबा आणला, गाडीखालीं शिरलों, आणि वीतभर रंगहि लावला. तेवढ्यांत हात दुखला म्हणून बाहेर आलों. सद्बुद्धि सुचली म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशीं एक तरुण आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गाडी पाहण्यास आला. त्याला आपली होडी सरोवरावर ओढून नेण्यासाठीं पिकअप हवा होता. मुलगा आंत बसून भोंगा वाजवीत होता. तरुणाला इंजिनचा आवाज आवडला. त्यानें खिशांतून पैसे काढले. आई पायरीवर बसून हा व्यवहार पाहत होती. तिला इंग्रजी येत नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "त्याला सांगितलंस का रे?"

"काय?" आम्हीं उगीच विचारलें.

"गाडीत काय आहे तें."

आणि आम्हांस एकदम घोडेगांवचा गुरांचा बाजार दिसला. आम्ही वडिलांचें बोट धरून उभे होतों. दलालाचा हात व वडिलांचा हात उपरण्याखालीं गेले, बोटांनीं किंमत ठरत आली, आणि वडिलांनीं हात बाहेर काढून सर्वांदेखत म्हटलें, "हा बैल औताला बसतो. मग बोल लावूं नका." किंमत निम्म्यावर आली. त्या वर्षीं याच शाळेची आमची फी उशिरां भरली गेली, आणि वडिलांनीं त्याबद्दल कधीं चकार शब्द काढला नाहीं.

आम्हीं त्या तरुणास गाडीखालीं नेलें. भोंक दाखविलें, आणि शेजारचा आमच्या हातचा काळा पट्टाहि दाखविला. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. त्यानें मुलाला खालीं उतरविलें, आमचा हात हातांत घेऊन दाबला आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यांत भंगारवाल्यानें आमचा सोबती वजनावर नेला. जें मोल आलें तें तरुणाच्या हातांतील पैशांच्या चौथाईहि नव्हतें. गाडी वळणाआड होईपर्यंत कन्या फाटकाशीं उभी होती. आम्ही मात्र घरांत गेलों. मनुष्य पन्नाशींत लोखंडासाठीं रडतांना दिसूं नये, असें आम्हांस वाटत होतें.

ऑगस्टमध्यें व्हॅन ट्रेलरसह उत्तरेकडे निघाली. निघण्यापूर्वीं आईनें ट्रेलरचें दार उघडून स्वतः ओझें पाहिलें, व पाण्याचे डबे मागून काढून चाकांवर व थोडे पुढें ठेवविले. मिशिगनच्या दोन द्वीपकल्पांना जोडणारा मॅकिनॉचा पूल 1957 सालीं खुला झाला. लांबी सुमारें पांच मैल, आणि मध्यावर रस्ता पाण्यापासून सुमारें दोनशें फूट उंच. ज्यांना भीति वाटते त्यांची गाडी पुलाचे नोकर स्वतः चालवून पलीकडे नेतात. त्या दिवशीं वारा जोराचा होता. आमच्यासारख्या ट्रेलरवाल्यांना एका पहाऱ्याच्या गाडीमागें सावकाश जावें लागलें. एका बाजूस मिशिगन सरोवर, दुसऱ्या बाजूस ह्यूरन, आणि पुलाच्या तारांतून वाऱ्याचा सूर. आमचे हात सुकाणूवर घट्ट आंवळले होते. मागून आईचा आवाज आला, "उलाळ नाहीं ना झाली?"

"नाहीं," आम्ही म्हणालों. गाडी सरळ चालली होती.

विद्यार्थीमित्रहो, जुनें टाकावें लागतें व नवें घ्यावें लागतें. त्यांत पाप नाहीं. परंतु जुन्याचा दोष ज्याच्या गळ्यांत बांधावयाचा, त्याच्या गाडींतहि एखादें मूल बसलेलें असतें, हें विसरूं नये. रंगाचा तो डबा आमच्या कोठारांत अजून आहे. झांकण गंजून बसलें आहे, आणि आम्हीं तें पुन्हां उघडलें नाहीं.

— एक माजी विद्यार्थी