गालुसचे नाव, गालुसचे नगर

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सांक्ट गालेन या स्विस नगरात पुढील शिक्षणासाठी राहावयाचे निश्चित झाले आहे, तेव्हा ते नगर ज्याचे नाव धारण करते त्या पुरुषाची ओळख आधी व्हावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

परंपरेनुसार गालुस हा कोलंबानुस या आयरिश मठाधिपतीच्या शिष्यपरिवारातील होता. स्वदेशाचा कायमचा त्याग करून परमुलखात फिरणे ही ईश्वरसेवाच मानणारे हे भिक्षू कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी आलेमानी या जर्मन लोकसमूहात धर्मप्रसार करीत होते. इ. स. ६१२ च्या सुमारास गुरू इटलीकडे निघाला, तेव्हा गालुस तापाने अंथरुणाला खिळला होता. परंतु गुरूने ती कामचुकारी समजून, आपण हयात असेपर्यंत त्याने मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षरस अर्पण करण्याचा मुख्य उपासनाविधी, करू नये असे बजावले. ६१५ मध्ये देह ठेवण्यापूर्वी मात्र गुरूने क्षमेची खूण म्हणून आपली काठी या शिष्याकडे पाठविण्यास सांगितले, असे चरित्रकार लिहितात.

श्टाइनाख ओढ्याकाठच्या रानात कुटी बांधून राहिलेल्या गालुसने, त्याच चरित्रांनुसार, बिशपपद आणि मठाधिपतिपद दोन्ही नाकारली. त्याच्या नावाचा प्रसिद्ध मठ त्याने स्थापलाच नाही. समाधीभोवती क्षेत्र वाढावे तसा तो त्याच्या थडग्यापाशी उभा राहिला, आणि ७१९ मध्ये ओटमार या मठाधिपतीने त्याला शिस्तबद्ध रूप दिले. मठाभोवती नगर वसले. शेकोटीसाठी लाकडे आणणाऱ्या अस्वलाला गालुसने भाकर दिली, ही आख्यायिका इतकी रुजली की नगराच्या राजचिन्हावर आजही अस्वल आहे. १८०३ मध्ये स्थापन झालेल्या कँटनने, म्हणजे स्विस संघराज्यातील घटक राज्याने, हेच नाव घेतले. १८०५ मध्ये मठ विसर्जित झाला, तरी त्याचे हस्तलिखितांनी समृद्ध ग्रंथालय जागेवरच टिकले. चेक भाषेत हेच नाव ‘हावेल’ झाले, आणि त्यावरून आलेले आडनाव नाटककार-राष्ट्राध्यक्ष वाच्लाव हावेल यांच्यामुळे जगभर पोहोचले.

सत्ता आणि पद यांपासून दूर राहिलेल्या माणसाचे नाव एका राज्याला मिळावे, याचे श्रेय त्याच्या तपाइतकेच त्याची स्मृती जतन करणाऱ्या पिढ्यांना, त्यातही मठातील लेखकांना आहे. म्हणून तेथे पोहोचल्यावर प्रथम ते ग्रंथालय पाहावे, कारण या नावाला आयुष्य देणारे काम तेथेच झाले.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
मामा