लॉस एंजेलिसचा पिवळा दिवा

लॉस एंजेलिस हे शहर पायी पाहायचे नव्हे. तिथे रस्त्याने चालणारा माणूस दिसला, की खुशाल समजावे, एकतर त्याची मोटार बिघडली आहे, नाहीतर तो नुकताच आपल्याकडून आलेला आहे! पश्चिमेला समुद्र, उत्तरेला सॅन गेब्रियलचे उंच डोंगर आणि मधल्या सखल भागात मैलोगणती पसरलेली वस्ती. डोंगरांनी अडवलेल्या या कढईवर उबदार हवेचा थर पुष्कळदा झाकणासारखा बसतो. खालचा धूर मग वर जायचा कुठून?

१९४३ च्या जुलै महिन्यात एके दिवशी या शहरात असे दाट धुरके उतरले, की लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि घसे जळू लागले. युद्धाचे दिवस! जपान्यांनी विषारी वायू सोडला, अशीच अनेकांची समजूत झाली. पुढे संशय गेला तो कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. कारखाना काही काळ बंद ठेवला. पण धुरके आपले येतच राहिले.

खरे निदान केले ते शेजारच्या पॅसाडीना गावी, कॅलटेक या संस्थेत. हॉलंडमध्ये जन्मलेले आरी हागेन-स्मित हे रसायनशास्त्रज्ञ तिथे अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. तो बाजूला सारून त्यांनी शहराची हवाच तपासायला घेतली. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले, की पेट्रोलची वाफ, इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वरचे लख्ख ऊन या तिघांच्या संगनमताने ओझोन तयार होतो. त्या ओझोनने रबरालासुद्धा भेगा पडत. म्हणजे अपराधी नुसता कारखान्यात नव्हता, तो घरोघरच्या गॅरेजातही उभा होता! शहराला हे ऐकणे जड गेले. घरातल्या लाडक्या लेकाची तक्रार कोणाला आवडते?

त्या निदानाची फळे आता प्रत्येक मोटारीच्या पोटात आहेत. १९७५ सालापासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा आला. १९९६ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला स्वतःच्या धुरावर स्वतःच पाळत ठेवणे भाग पडले. काही बिघडले, की चालकासमोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. कॅलिफोर्नियात बहुतेक गाड्यांची दर दोन वर्षांनी 'स्मॉग चेक' होते. दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास, आणि नापास गाडीची नोंदणी पुढे सरकत नाही.

माझ्या मुक्कामात भाच्याच्या जुन्या गाडीचा हाच दिवा लागला. नोंदणीची मुदत दोन आठवड्यांवर. त्या शहरात मोटार नाही म्हणजे नोकरी नाही. एका गॅरेजवाल्याने यंत्र लावले, 'पी ०४२०' हा आकडा वाचला आणि कन्व्हर्टर बदलायचा खर्च हजार डॉलरांच्या वर सांगितला.

"मामा, आकडा पुसून टाकला तर दिवा विझतो म्हणे," भाचा म्हणाला.

पण तिथेही मेख आहे. आकडा पुसला, की गाडीच्या आत्मपरीक्षणाची पाटीही कोरी होते. आणि कोरी पाटी घेऊन आलेल्या गाडीला परीक्षक उत्तीर्ण करीत नाही.

शेवटी आम्ही ग्लेंडेलला एका वयस्क आर्मेनियन मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिन सुरू करून नुसता कान दिला. मग समजावले, ते असे : कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजन मोजणारे दोन पहारेकरी असतात. पुढच्याचा आकडा सारखा खालीवर होतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागच्याचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला, की गाडीचा संगणक कन्व्हर्टरला दोषी ठरवतो. पण नळीला कुठे फट असली, तर तिच्यातून बाहेरची हवा आत शिरते आणि मागचा पहारेकरी फसतो. आकडा तोच लागतो!

त्याने नळीत यंत्राने पांढरा धूर भरला. कन्व्हर्टरच्या अलीकडच्या जोडातून, उदबत्तीच्या धुरासारखी, एक बारीक रेघ वर आली. गॅस्केट जळून गेले होते. ते बदलले, आकडा पुसला, आणि चार-पाच दिवस गाडी कधी गावातून, कधी हमरस्त्यावरून फिरवायला सांगितली. तिचे आत्मपरीक्षण पुरे झाले, दिवा लागला नाही आणि मुदतीच्या तीन दिवस आधी गाडी पास झाली. खर्च कन्व्हर्टरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही आला नाही.

लॉस एंजेलिसची हवा आजही निर्मळ नाही. ओझोनच्या बाबतीत अमेरिकेतल्या वाईट शहरांत त्याची गणना होते. तरी पॅसाडीनाहून डोंगर आता पुष्कळ दिवस स्वच्छ दिसतात, आणि ते काही वाऱ्याच्या कृपेने नव्हे. आपल्याकडच्या नव्या मोटारींतही हाच पिवळा दिवा असतो. तो लागला, की "गाडी तर चालते आहे ना?" म्हणून आपण पुढे जातो. गाडी चालतेच, तिच्या मागे शाळेच्या रिक्षात बसलेली मुले काय श्वासात घेतात, एवढाच प्रश्न असतो.