डागडुजीसाठी विकायला काढलेला विवाल्दी

साल 1926. इटलीच्या पिएमोन्ते प्रांतात बोर्गो सान मार्तीनो नावाचे एक गाव आहे. तेथे सालेशियन पाद्र्यांची एक निवासी शाळा होती. इमारत डागडुजीला आली होती आणि गाठीशी पैसा नव्हता. शाळेकडे देणगीत आलेले जुन्या संगीतलिपीचे खंड धूळ खात पडले होते. ते विकून खर्च भागवावा, असे ठरले. व्यापाऱ्यांनी फसवू नये म्हणून किंमत ठरवण्याची विनंती तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला करण्यात आली आणि तेथून हे काम विद्यापीठातील संगीतेतिहासाचे अभ्यासक आल्बेर्तो जेन्तीली यांच्याकडे आले. एकूण 97 खंड होते. त्यांतले 14 एकाच संगीतकाराचे होते: अंतोनिओ विवाल्दी.

आज फोनवर ताटकळत ठेवले जाते तेव्हाही ज्याचे ‘चार ऋतू’ कानी पडतात, तोच हा विवाल्दी. त्या काळी मात्र सामान्य श्रोत्याला हे नाव ठाऊक नव्हते. अभ्यासकांना तो माहीत होता, तोही बाखच्या चरित्रातील तळटीप म्हणून. तरुण बाखने त्याचे काही कॉन्चेर्तो कळफलकाच्या वाद्यांसाठी उतरवून घेतले होते, एवढीच त्याची कीर्ती उरली होती. युरोपभर गाजलेला माणूस दीडशे-पावणेदोनशे वर्षे इतका पुसला कसा जातो?

विवाल्दीचा जन्म 4 मार्च 1678 रोजी व्हेनिसमध्ये झाला. वडील आधी न्हावी होते, पुढे सान मार्को चर्चच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक झाले. 1703 मध्ये मुलाला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. केसांच्या रंगामुळे लोक त्याला ‘तांबडा पाद्री’ म्हणत. थोड्याच काळात त्याने मिस्सा अर्पण करणे सोडले. जन्मापासून छाती आवळून येते, हे त्याने दिलेले कारण. वेदीपुढे उभे राहवत नाही, वाद्यवृंदापुढे मात्र राहवते, असा टोमणा मारण्याचा मोह होतो खरा. पण 1737 च्या एका पत्रात आपल्याला पायी हिंडता येत नाही, गोंडोला नाहीतर गाडी लागते, असे तो लिहितो. त्यावर अविश्वास दाखवावा असे काही नाही.

दीक्षेच्याच वर्षी त्याला ‘पिएता’ या संस्थेत व्हायोलिनशिक्षकाची नोकरी मिळाली. येथे जरा थांबले पाहिजे, कारण विवाल्दीचे संगीत बहुतांशी याच घराने घडवले.

पिएता हा टाकून दिलेल्या अर्भकांचा आश्रम होता. भिंतीत एक कोनाडा असे; त्यात बाळ ठेवून माता अंधारात निघून जाई. काही माता बाळाजवळ तुटक्या पदकाचा अर्धा तुकडा ठेवीत आणि उरलेला अर्धा स्वतःपाशी जपत. कधी परत आलोच, तर ओळख पटावी म्हणून. आश्रमातील मुलींपैकी ज्यांच्या गळ्यात वा बोटांत गुण दिसे, त्यांना संगीत शिकवले जाई. त्या चर्चच्या सज्जात जाळीमागे बसून गात-वाजवत आणि खाली परदेशी पाहुण्यांची गर्दी होई. या मुलींना आडनाव नव्हते. अनेकींची ओळख त्यांच्या वाद्यावरूनच होई. त्यांतली सर्वांत नावाजलेली ‘आन्ना मारिया दाल व्हिओलीन’, म्हणजे व्हायोलिनवाली आन्ना मारिया. तिच्यासाठी विवाल्दीने अनेक कॉन्चेर्तो रचले.

विवाल्दीने तोच कॉन्चेर्तो शेकडो वेळा लिहिला, अशी थट्टा विसाव्या शतकात फार झाली. ती चमकदार आहे, पण न्याय्य नाही. त्याची चौकट ठरलेली होती, हे खरे: जलद, संथ, पुन्हा जलद असे तीन भाग. जलद भागात वाद्यवृंद एक ठसठशीत विषय मांडतो, मग एकल वादक आपली करामत दाखवतो, आणि पुन्हा तो विषय येतो. यालाच ‘रितोर्नेल्लो’ म्हणतात. अभंगातल्या ध्रुपदासारखेच हे, फक्त येथे ध्रुपद दर वेळी जसेच्या तसे परतत नाही. कधी त्याचा एखादाच तुकडा येतो, तर कधी ते दुसऱ्या स्वराला षड्ज मानून येते. ऐकणाऱ्याला आपण कोठे आहोत हे कळत राहते, तरी पुढे काय हे कळत नाही. बाखने विवाल्दीकडून घेतली ती ही बांधणी.

चौकटीच्या आत मात्र तो वाटेल ते करून पाहतो. 1725 मध्ये अॅम्स्टरडॅमला छापल्या गेलेल्या ‘चार ऋतूं’तील ‘वसंता’च्या संथ भागात मेंढपाळ झोपला आहे, व्हायोलिन त्याची झोप गाते, आणि खाली व्हिओला एकसारखा भुंकत राहतो, तो मेंढपाळाचा कुत्रा. ‘हिवाळ्या’त थंडीने दात वाजतात, पाय आपटले जातात. व्हायोलिनखेरीज चेलो, ओबो, बसून, बासरी, मँडोलिन अशा वाद्यांनाही त्याने मध्यभागी आणले. हाताशी सर्व वाद्ये उत्तम वाजवणारा मुलींचा वृंद असल्यावर तो प्रयोग का करणार नाही?

संस्थेने मात्र त्याला सुखाने राहू दिले नाही. शिक्षकाची नेमणूक दर वर्षी संचालकांच्या मतदानावर ठरे. 1709 मध्ये तो मते कमी पडून बाहेर गेला, दोन वर्षांनी परतला. उतारवयात व्हेनिसची अभिरुचीही बदलली. 1740 मध्ये तो व्हिएन्नाकडे निघाला. सम्राट सहावा चार्ल्स त्याचा चाहता होता. पण ऑक्टोबरमध्ये सम्राटच वारला. जुलै 1741 मध्ये विवाल्दीही गेला आणि गरिबांना साजेशा साध्या विधीने पुरला गेला. नऊ वर्षांचा हायडन त्या अंत्यविधीत गायला, ही गोष्ट अजूनही फिरते. तिला आधार नाही.

त्याची हस्तलिखिते मात्र हातोहात फिरत जेनोआच्या दुरात्सो घराण्यात पोहोचली आणि वारसांत विभागली गेली. शाळेकडे आलेला भाग हा निम्माच आहे, हे जेन्तीलींनी ओळखले. ग्रंथालयाकडे पैसा नव्हता. तेव्हा रोबेर्तो फोआ या शेअरदलालाने 1927 मध्ये तो संग्रह विकत घेऊन ग्रंथालयाला दिला; अट एवढीच, की त्याला आपल्या वारलेल्या बाळाचे, माउरोचे नाव द्यावे. उरलेल्या भागाचा शोध लागून 1930 मध्ये फिलिप्पो जोर्दानो या कापड-उद्योजकाने तो घेतला, तोही आपल्या दिवंगत मुलाच्या, रेन्त्सोच्या नावाने. दोन्ही मिळून 27 खंड, सुमारे 450 रचना.

सप्टेंबर 1939 मध्ये सिएना येथे विवाल्दी-सप्ताह साजरा झाला. विस्मृतीत गेलेले ‘ग्लोरिया’ पुन्हा गायले गेले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला महायुद्ध सुरू झाले होते. जेन्तीली ज्यू होते. आदल्या वर्षीच्या वांशिक कायद्यांनी त्यांची विद्यापीठातील जागा गेली होती, आणि त्यांनी वाचवलेले संगीत दुसऱ्यांच्या हातून जगापुढे आले.

या खंडांत ‘युदिता त्रिउम्फान्स’ आहे. हे वेशभूषेविना गायचे धार्मिक संगीतनाट्य विवाल्दीने 1716 मध्ये पिएतासाठी रचले. त्यातल्या पुरुषांच्या भूमिकाही, शत्रूच्या सेनापतीसकट, मुलींनीच गायल्या. त्यांची नावे नोंदलेली आहेत: कातेरीना, पोलोनिया, बार्बारा, सिल्व्हिया, जूलिया. आडनाव एकीलाही नाही. ते हस्तलिखित आज तुरीनच्या ग्रंथालयात आहे. माउरो फोआ संग्रह, खंड 28.