मिश्री

आमच्या घरात मिश्री या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खडीसाखर. आम्हा घरी उर्दू बोलणाऱ्यांकडे तिला मिश्रीच म्हणतात. दुसरी मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर भाजून केलेली काळी पूड. बायका ती बोटाने दातांना लावतात. माझी अम्मी ही दुसरी मिश्री कित्येक वर्षांपासून लावते. माझी मुलगी तीन वर्षांची असताना गल्लीतलं एक पिल्लू आमच्या घरात शिरलं. त्याचा रंग खडीसाखरेसारखा होता, म्हणून त्याचं नाव मिश्री पडलं. पुढे या मांजरीला साखरेचाच आजार होईल आणि तिचे दातही सडतील, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं असतं?

मी अमरावतीला एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि मराठी शिकवते. माहेर अकोल्याचं. २०२३ च्या पावसाळ्यात मिश्री फार पाणी पिऊ लागली. वाटीतलं संपलं की बादलीत तोंड घालायची. खायची भरपूर, तरी वाळत चालली. चालताना मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवू लागली. मोरीत तिने लघवी केली की थोड्या वेळाने मुंग्यांची रांग लागायची. वर्गात मी मधुमेह शिकवते, पण घरच्या मोरीतल्या मुंग्यांचा अर्थ कळायला मला दोन आठवडे लागले.

डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली. दवाखान्यात आलेलं मांजर घाबरतं आणि नुसत्या भीतीनेही त्याची साखर चढते. म्हणून त्यांनी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसॅमिनची तपासणीही करून घेतली. मधुमेहच निघाला. घरात बसून लठ्ठ झालेल्या, वय वाढलेल्या मांजरांत तो दिसतो. माणसांच्या टाइप २ मधुमेहाशी त्याचं बरंच साम्य आहे. फरक इतकाच की मांजराला बहुधा गोळीवर भागत नाही, इन्सुलिन लागतं. ते बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यायचं. आम्ही सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा ही वेळ धरली.

एका युनिटपासून सुरुवात केली, चारपर्यंत गेलो. साखर काही खाली येईना. मग माझ्या लक्षात आलं की मिश्रीच्या तोंडाला घाण वास येतो. ती एकाच बाजूने चावते, घास खाली पाडते, पंजाने गाल घासते. आमचे डॉक्टर म्हणाले, "तोंड साफ केल्याशिवाय साखर उतरणार नाही. पण त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल, आणि तेवढी सोय माझ्याकडे नाही." अकोल्याला पशुवैद्यकाची सरकारी स्नातकोत्तर संस्था आहे. तिथे शिकून शहरातच दवाखाना टाकलेल्या एका डॉक्टरांचं नाव त्यांनी लिहून दिलं.

टोपलीत मांजर घेऊन बसस्टँडवर उभी होते. ओळखीच्या एका पालकांनी विचारलं, "मॅडम, मांजरीचे दात दाखवाले अकोल्याले चालल्या का?" मी हसले. आतून मात्र ओशाळले होते. शिक्षिकेच्या पगारात मांजरीच्या दातांवर खर्च करणं शोभतं का, हा प्रश्न मलाही पडला होता. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, तरी तो सुटला नाही. मग लहानपणी मदरशात ऐकलेली त्या बाईची हकीकत आठवली, जिने मांजर बांधून ठेवलं, खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही, आणि त्यापायी तिला शिक्षा झाली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. मी मिश्रीला बांधून ठेवलं नव्हतं. पण भरल्या वाटीसमोर ती दुखण्यामुळे उपाशी राहत असेल, तर तेही मला पाहवणार नव्हतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर उचलून मला दाखवलं. मांजराला तीस दात असतात. मिश्रीच्या मागच्या दातांवर पिवळट-तपकिरी थर होता, हिरडीची कड लालभडक होती आणि दोन दात बोट लावताच हलत होते. डॉक्टर म्हणाले, "हिरडीत जंतू आणि सूज असली की शरीर सतत त्यांच्याशी लढत राहतं. त्या लढाईत इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर वाढते. साखर वाढली की जंतूंशी लढायची ताकद घटते, हिरडी आणखी बिघडते. एकाला सोडून दुसऱ्याचा इलाज होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला नंबर तिचा. मधुमेही जनावराला फार वेळ उपाशी ठेवता येत नाही, म्हणून तिला सकाळीच घेतात. त्यांच्या सांगण्यावरून इन्सुलिन निम्मंच दिलं. भूल असताना कानाच्या कडेला टोचून मधून मधून साखर मोजत होते. दात साफ झाले, दोन दात काढले. शुद्धीवर येऊन तिने मऊ खाणं चाटलं, तेव्हा डॉक्टर खुर्चीवर टेकले. निघताना त्यांनी बजावलं की आता सूज उतरेल तशी इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर एकदम पडेल. ती लडखडू लागली, सुस्त झाली तर हिरडीला मध चोळा आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

त्या रात्री मी माहेरीच राहिले. अम्मीच्या फ्रिजमध्ये दोघींचं इन्सुलिन शेजारी शेजारी ठेवलं. अम्मीची बाटली मिलिलिटरला चाळीस युनिटची, तिच्या सिरिंजला लाल टोपण. मिश्रीचं औषध मिलिलिटरला शंभर युनिटचं, तिची सिरिंज नारिंगी टोपणाची. मिश्रीचं औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर एका युनिटच्या जागी अडीच युनिट जातील. एवढ्याशा जिवाला ते झेपायचं नाही. म्हणून मी तिची सिरिंज आणि औषध वेगळ्या डब्यात घातलं, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. ज्यांच्या घरी दोन तऱ्हेचं इन्सुलिन आहे, त्यांनीही ही काळजी घ्यावी.

चहाच्या वेळी अम्मीने टोस्ट कपात बुडवला. तो अगदी मऊ होईपर्यंत ती थांबली, मग एकाच बाजूने चघळू लागली. मी डॉक्टरांची सगळी हकीकत तिला सांगत होते, हिरडी, सूज, साखर. ती शांतपणे ऐकत होती. मग हसून म्हणाली, "बिल्ली के दाँत देखने अमरावती से आई, माँ के दाँत कब देखेगी?"

ती मस्करीतच बोलली होती. माझ्या हातातला कप मात्र तसाच राहिला. अम्मीला चौदा वर्षांपासून शुगर आहे. दर तीन महिन्यांनी मी फोनवर तिचा रिपोर्ट विचारते. वर्षभरात तिचं इन्सुलिन दोनदा वाढलं होतं. तिने भात सोडला, आंबा सोडला, तरी साखर हटत नव्हती. आणि आम्ही सगळे तिलाच बोल लावत होतो की ती चोरून गोड खाते. शाळेत मी दर सोमवारी पोरांची नखं आणि दात तपासते. अम्मीच्या तोंडात मात्र मी कधी डोकावले नव्हते. मांजराला सांगता येत नाही म्हणून आपण त्याच्याकडे निरखून पाहतो. माणसाला बोलता येतं, म्हणून दुखलं तर सांगेल असं धरून चालतो. आया सांगत नाहीत. हिरडी ठणकली की अम्मी थोडी जास्त मिश्री लावायची. तेवढ्यापुरती हिरडी बधिर व्हायची आणि तंबाखू आपलं काम करत राहायचा.

दोन दिवसांची रजा वाढवून मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिरड्यांच्या आतून सफाई केली, तीन दात काढले. मिश्रीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच त्यांनीही सांगितलं. हिरड्यांच्या इलाजाने मधुमेह जात नाही, पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी साखर थोडी उतरते. अम्मीचीही थोडीच उतरली, पण इन्सुलिन पुन्हा वाढवावं लागलं नाही. मिश्री चारवरून दीड युनिटवर आली. मागचे पायही आता ती बऱ्यापैकी उचलून चालते.

मिश्रीचे दात आता मी रोज घासते. आपली टूथपेस्ट मांजराला चालत नाही, कारण त्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. सुरुवातीला कांदा, लसूण, मीठ न घातलेल्या यखनीत बोट बुडवून नुसतं हिरडीवरून फिरवलं. आठवड्याने बोटाला जाळीची पट्टी गुंडाळली, मग मांजराची पेस्ट आणि मऊ ब्रश. फक्त बाहेरची बाजू, अर्धा मिनिट. घासून झालं की जेवण आणि मग इन्सुलिन. २०२४ च्या रमजानात ही वेळ नेमकी इफ्तारच्या आसपास यायची. मुलीचे अब्बा दस्तरखान मांडायचे, मी एका हातात ब्रश घेऊन अजानची वाट पाहायचे.

रात्री अम्मीचा फोन येतो. आधी विचारते, "मिश्री के दाँत घिसी क्या?" मी हो म्हणते आणि तोच सवाल तिला करते. ती क्षणभर थांबते, मग हो म्हणते. त्या थांबण्यावरून मला कळतं की काळी डबी अजून उशीखाली आहे. पूर्वी दिवसातून चारदा उघडायची, आता एकदा उघडते असं भाभी सांगते. पुढच्या सुट्टीत अकोल्याला गेले की आधी तिला तोंड उघडायला लावीन, सलाम-दुआ त्यानंतर.