रिकाम्या पानाचं बिल्ड

डॉक्युमेंटेशन कधी सुरू करावं, असं कुणी विचारलं की मी सांगते, आजच करा; आणि एकही वाक्य न लिहिता करा. समोरच्याला वाटतं मॅडम चेष्टा करतायत. पण डॉक्युमेंटेशन अडतं ते लिहिता येत नाही म्हणून नव्हे, लिहिलेलं ठेवायला धड जागा नसते म्हणून. माहिती सगळी असते. थोडी कोडमधल्या कॉमेंटमध्ये, थोडी कुणाच्या तरी मेलमध्ये, थोडी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि सगळ्यात कामाची दोघातिघांच्या डोक्यात. कधीतरी हुक्की येते, ती सगळी गोळा करून वर्डची एक फाइल होते. तिच्या नावात आधी 'फायनल' येतं, मग 'फायनल नवीन'. त्यानंतर ती कुणी उघडत नाही.

आमची कंपनी छोटी आहे. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, काट्यावर वजन होतं, मिल्क ॲनालायझर फॅट आणि एसएनएफ सांगतो, दरपत्रकावरून भाव निघतो आणि दहा दिवसांनी बिल होतं. यातला भाव काढणारा भाग बाजूला काढून आम्ही त्याची पायथनमध्ये एक लायब्ररी केली, कारण तो केंद्रावरच्या संगणकाला लागतो, मोबाइल ॲपला लागतो आणि संघाच्या कचेरीतल्या हिशेबालाही लागतो. तीन ठिकाणी तीन जण तीच लायब्ररी वापरणार म्हटल्यावर तोंडी सांगून भागणार नव्हतं.

हत्यार म्हणून आम्ही स्फिंक्स घेतलं. पायथनचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लाटेकमध्ये लिहिलेलं होतं. ते त्यातून बाहेर काढण्यासाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स लिहिलं आणि 2008 मध्ये ते सगळ्यांच्या हाती आलं. मार्कडाउनच आवडत असेल तर एमकेडॉक्स आहे, आणि मिस्टचं एक्स्टेंशन बसवलं की स्फिंक्सलाही मार्कडाउन कळतं. यावर मीटिंग बोलवू नये. चहा संपायच्या आत ठरवावं आणि कामाला लागावं. हत्याराच्या वादात महिना घालवून शेवटी काहीच न लिहिलेल्या टीम मी पाहिल्या आहेत.

स्फिंक्स-क्विकस्टार्ट ही कमांड दिली की टर्मिनलवर मोजके प्रश्न येतात. पहिलाच प्रश्न असतो, लिहिलेल्या फाइली आणि त्यांतून तयार होणारी पानं वेगळ्या फोल्डरांत ठेवायची का? नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं. इथे मी 'हो' म्हणते. तयार झालेली पानं गिटमध्ये जाता कामा नयेत, आणि फोल्डर मुळात वेगळं असलं की गिटला एका ओळीत सांगून मोकळं होता येतं. मग प्रोजेक्टचं नाव, लेखक, आवृत्ती, भाषा. झालं. एक कॉन्फिगरेशनची फाइल, एक मुखपृष्ठाची फाइल आणि एक मेकफाइल तयार होते. 'मेक एचटीएमएल' म्हटलं की ब्राउझरमध्ये उघडता येईल असं पान मिळतं. त्यावर प्रोजेक्टचं नाव असतं, शोधायची चौकट असते आणि बाकी जवळजवळ काही नसतं.

हे रिकामं पान तसंच कमिट करायचं. आणि त्याच दिवशी सीआय सर्व्हरला सांगून ठेवायचं की यापुढे कुणीही कोड ढकलला की डॉक्युमेंटेशनही बिल्ड कर, आणि एक जरी वॉर्निंग आली तरी बिल्ड फेल धर. कमांडमध्ये डॅश आणि कॅपिटल डब्ल्यू लावला की एवढं होतं. रिकाम्या पानाला वॉर्निंग नसतात, म्हणून ही शिस्त लावायला तो दिवस सगळ्यात स्वस्त. शंभरेक पानं झाल्यावर लावायला गेलात तर वॉर्निंगचा ढीग बघूनच माणूस तो पर्याय गुपचूप काढून टाकतो.

माझं मत स्पष्ट आहे: जे डॉक्युमेंटेशन फेल होऊ शकत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. वर्डची फाइल कधीच फेल होत नाही. तुम्ही फंक्शनचं नाव बदला, पॅरामीटर काढून टाका, अख्खं मॉड्यूल उडवा, ती आपली जुनं तेच सांगत बसते. कोडशेजारी, त्याच रिपॉझिटरीत राहणारं आणि त्याच्याबरोबर बिल्ड होणारं पान निदान कुरकुर तरी करतं.

ही कुरकुर सुरुवातीला डोकं उठवते. नवी फाइल केली आणि ती अनुक्रमणिकेत जोडायची राहिली की स्फिंक्स विचारतं, हे पान कुठल्याच अनुक्रमणिकेत कसं नाही? अनुक्रमणिकेच्या आदेशाखाली एक ओळ मोकळी सोडली नाही की पानांची नावं त्याला कळत नाहीत. आणि एक गंमत तर फक्त देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येते. स्फिंक्सच्या मूळ लेखनपद्धतीत शीर्षकाच्या खालच्या ओळीत बरोबरच्या चिन्हांची रेघ ओढायची असते, आणि ती शीर्षकापेक्षा आखूड चालत नाही. लायब्ररीची पानं आम्ही इंग्रजीत लिहितो, पण डेअरीच्या सचिवांसाठीची पुस्तिका मराठीत आहे आणि तीही त्याच बिल्डमधून निघते. 'किमान' या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात. यंत्र मात्र वेलांटी आणि काना वेगळे धरून पाच मोजतं. तुम्ही नजरेच्या अंदाजाने रेघ ओढता आणि बिल्ड सांगतं, रेघ तोकडी आहे. उपाय साधा आहे, रेघ ऐसपैस ओढावी. लांब झाल्याची तक्रार ते करत नाही. आमच्याकडे आता सगळ्या मराठी शीर्षकांखाली सरसकट चाळीस चिन्हांची रेघ असते. दिसायला बरी नाही, पण वाचणाऱ्याला ती दिसतही नाही.

पुढचा टप्पा ऑटोडॉकचा. फंक्शनच्या आत लिहिलेली डॉकस्ट्रिंग हे एक्स्टेंशन उचलून पानावर मांडतं. लोकांना वाटतं ते फाइल नुसती वाचतं. तसं नाही, ते मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतं, म्हणजे मॉड्यूलच्या सर्वांत वरच्या पातळीवरचा कोड चालतो. आमच्या एका मॉड्यूलमध्ये काट्याशी बोलणारा सिरियल पोर्ट अगदी वरच उघडलेला होता. केंद्रावर ठीक आहे, तिथे काटा असतो. सीआय सर्व्हरला कुठला काटा? बिल्ड पडलं. काही लायब्ऱ्या बिल्डच्या वेळी खोट्या उभ्या करण्याची सोय स्फिंक्समध्ये आहे, ती वापरून वेळ मारून नेता आली असती. पण इम्पोर्ट करताक्षणी पोर्टला हात घालणारं मॉड्यूल मुळातच बरं नव्हे. पोर्ट उघडणं फंक्शनच्या आत गेलं. डॉक्युमेंटेशनसाठी म्हणून केलेली ही दुरुस्ती पुढे टेस्ट लिहितानाही कामी आली.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते डॉकटेस्टने. टिम पीटर्स यांचं हे मॉड्यूल 2001 पासून पायथनबरोबरच येतं. कल्पना अशी की डॉक्युमेंटेशनमध्ये पायथनच्या प्रॉम्प्टवर टाइप करावं तसं उदाहरण लिहायचं, खाली अपेक्षित उत्तर लिहायचं, आणि यंत्राने ते चालवून उत्तर जुळतंय का ते बघायचं. स्फिंक्सला त्याचं एक्स्टेंशन जोडलं की पानांवरची सगळी उदाहरणं एका कमांडीत तपासली जातात.

भावाचा हिशेब कसा होतो ते सांगणारं पान घेऊ. गायीच्या दुधाचा मूळ भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरतात. त्याखाली प्रत्येक पॉइंटमागे कपात. एक पॉइंट म्हणजे 0.1. आता कुणाच्या दुधाला 3.2 फॅट लागली, तर किती पॉइंट कमी? शेंबडं पोरही सांगेल, तीन. पायथनला 3.5 वजा 3.2 विचारा, ते 0.2999999999999998 छापतं, कारण 3.2 ही संख्या दोनच्या पायावर नेमकी मांडता येत नाही. याला दहाने गुणून अपूर्णांक कापून टाकला की हाती येतात दोन पॉइंट. युनिट टेस्टमध्ये फ्लोट ताडून बघताना सहसा 'जवळपास समान' चालवून घेतात, त्यामुळे असली वजाबाकी तिथे बिनबोभाट पास होते. डॉकटेस्ट छापलेलं उत्तर अक्षर न अक्षर ताडून बघतं. पानावर 0.3 लिहिलं आणि ते अडलं. आता यातून सुटायचे दोन मार्ग: पानावरचं उदाहरण गोल आकड्यांचं घ्यायचं, किंवा कोडमध्ये फ्लोटऐवजी डेसिमल आणायचा. आम्ही डेसिमल आणला. शेतकऱ्याच्या बिलात एका पॉइंटचा फरक म्हणजे दहा दिवसांच्या शेवटी केंद्रावर भांडण. या खेपेला फरक त्याच्या बाजूने पडला असता. पुढच्या खेपेला तसाच पडेल याची हमी कोण देणार?

इथवर वाचून कुणाला वाटेल की बिल्ड हिरवं झालं म्हणजे डॉक्युमेंटेशन झालं. अजिबात नाही. यंत्राला सांधे कळतात, अर्थ कळत नाही. एकही वॉर्निंग नसलेली आणि तरीही कुणाच्या उपयोगाची नसलेली पानं मी ढिगाने वाचली आहेत. विशेषतः ऑटोडॉकच्या भरवशावर वाढलेली. फंक्शनचं नाव 'गेट रेट' आणि खाली खुलासा, 'रेट गेट करतं'.

म्हणून लिहायला लागलो तेव्हा पहिलं पान फंक्शनांच्या यादीचं केलं नाही. एक लिटर दूध, एक दरपत्रक, एक भाव, एवढंच करून दाखवणारं पान आधी लिहिलं. दानिएले प्रोचिदा यांनी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार वेगळे ओळखायला सांगितले आहेत: शिकवणारं, काम पार पाडायला मदत करणारं, संदर्भासाठीचं आणि कारणमीमांसा सांगणारं. चारही एका पानात कोंबू नयेत, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण छोट्या टीमने पहिल्या दिवशी चार रिकामे विभाग करून ठेवू नयेत असंही वाटतं. रिकामं मुखपृष्ठ चालतं. रिकामे विभाग बघून मात्र वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

ते पहिलं पान टीममध्ये नव्याने आलेल्या मुलापुढे ठेवलं आणि मी शेजारी बसले, तोंड मिटून. हे तोंड मिटणं फार अवघड आहे. तो कुठे थांबतो, कुठली ओळ दोनदा वाचतो, कुठे काहीही न समजता कॉपी-पेस्ट करतो, सगळं दिसतं. लायब्ररी बसवण्याची पायरी त्याने सहज पार केली. मग थांबला.

"मॅडम, एसएनएफ म्हणजे काय, ते कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. दुधातल्या फॅटखेरीज उरलेल्या घन भागाला एसएनएफ म्हणतात, हे आमच्या कचेरीत शिपायालाही ठाऊक, म्हणून लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यावर शब्दसूचीचं पान आलं. स्फिंक्समध्ये त्याचीही सोय आहे: मजकुरात एखादा शब्द सूचीतला म्हणून खूण करून ठेवला आणि सूचीत तो नसला, की वॉर्निंग येते आणि आमच्या नियमाप्रमाणे बिल्ड पडतं. आता फॅट, एसएनएफ, पॉइंट, पाळी, कपात हे सगळे शब्द तिथे आहेत, आणि नव्या माणसाची शंका मार्गी लावायची असेल तर आधी तो शब्द सूचीत घालावाच लागतो.

आणखी एक पान मी आग्रहाने घातलं, ज्ञात दोषांचं. ही पद्धत जुनी आहे. 1971 च्या नोव्हेंबरात युनिक्सची पहिली मार्गदर्शिका निघाली, तिच्यातही कमांडच्या माहितीखाली तिच्यातले दोष मांडायला स्वतंत्र जागा होती. आमच्या पानावर लिहिलंय की एकाच पाळीत मध्येच दरपत्रक बदललं तर ही लायब्ररी पाळीच्या सुरुवातीचाच दर धरते, आणि गाय-म्हशीच्या मिश्र दुधाचा भाव ती काढत नाही. विक्री बघणाऱ्या आमच्या सरांना हे पान डोळ्यासमोर नको असतं. "अहो, आपलेच दोष आपणच गिऱ्हाइकाला दाखवायचे?" मी त्यांना सपोर्टच्या फोनची वही दाखवली, मिश्र दुधाचा प्रश्न त्यात वरचेवर होता. सध्या तह असा झाला आहे की पान राहील, पण मेन्यूत सगळ्यात खाली. पुढच्या आवृत्तीच्या वेळी ते वर सरकवायचा माझा विचार आहे, आणि सरांना त्याचा संशय आहेच.