पावकी-निमकी आणि ग्रॅनोला

मुख्याध्यापकाच्या घरातले मूल शाळेत जाणार नाही, ही बातमी बेळगावसारख्या गावात लपून राहत नाही. माझी मुलगी बेंगळूरला असते. सहा वर्षांच्या नातवाला पहिलीत न घालता घरीच शिकवायचे, असे तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत जाहीर केले. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "सर, तुमच्याच घरी हे, तर आम्ही पटावर मुले आणायची कुठून?" प्रश्न थट्टेचा खरा, पण मराठी वर्गांचा पट वर्षागणिक घटताना पाहणाऱ्याला तो बोचतो.

समजूत घालावी म्हणून मी बेंगळूरला गेलो. मायलेकरांची शाळा स्वयंपाकघरात भरली होती आणि धड्याचे नाव होते ग्रॅनोला. तीन वाट्या ओट्स, एक वाटी बदाम-अक्रोडाचे तुकडे, थोडे भोपळ्याचे बी, अर्धी वाटी गुळाचा पाक, पाव वाटी तेल, चिमूटभर मीठ. हे सारे कालवून ओव्हनमध्ये १५० अंशांवर अर्धा तास भाजायचे, मध्ये एकदा हलवायचे आणि बेदाणे शेवटी घालायचे. नातू वाट्या मोजत होता. "आजोबा, पाव वाटी चारदा घातली की एक होते," त्याने मला शिकवले.

ग्रॅनोलाची कुळकथा गमतीची आहे. १८६३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॉ. जेम्स जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रोग्यांसाठी 'ग्रॅन्युला' केला. तो इतका टणक असे, की रात्रभर दुधात भिजवावा लागे. पुढे डॉ. केलॉग यांनी तसाच पदार्थ त्याच नावाने काढला. तक्रार झाल्यावर एक अक्षर बदलून त्याचे 'ग्रॅनोला' केले. म्हणजे मूळचे हे रोग्याचेच खाणे! ते वाचले आणि मला माझे आजारपण आठवले.

१९७५ साली मी सात वर्षांचा असताना सांधेज्वराने अंथरूण धरले. हृदयावर परिणाम झाला होता. डॉक्टरांनी धावपळ बंद केली आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन ठरवून दिले. शाळा दोन वर्षे सुटली. त्या दोन वर्षांत मला आत्याने शिकवले. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, शिक्षण सातवी फायनल. तिच्याकडे ना वेळापत्रक होते, ना घंटा. ज्वारी निवडताना पाढे, भाकरी थापताना कविता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तिला तोंडपाठ होत्या आणि तिने त्या माझ्याकडूनही घोटून घेतल्या.

दिवाळीचा चिवडा हे आमचे मोठे गणित. दुकानात किलो आले होते, आत्याच्या डोक्यात मात्र शेर. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. मग अर्धा किलो पोहे तिच्या अर्ध्या शेरापेक्षा किती जास्त? मी पाटीवर तेहेतीस-चौतीस ग्रॅम काढून दाखवले, की ती त्या मानाने मीठ वाढवी. उत्तर चुकले असते तर चिवडा बिघडला असता, म्हणून उत्तराला किंमत होती. गरम चिवडा डब्यात भरायचा नाही, वाफ धरून तो मऊ पडतो, हे विज्ञानही तिथलेच. शेजारच्या अव्वांनी याच ओट्यावर पिठात बोटाने कन्नड मुळाक्षरे गिरवून दिली. आज खात्याची कन्नड परिपत्रके मी दुभाष्याशिवाय वाचतो, ती त्या पिठाच्या पुण्याईने.

घरच्या शिक्षणाला नाके मुरडण्याचा अधिकार मराठी माणसाला तरी नाही. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने संस्कृत शिकवले ते तीर्थयात्रांच्या भटकंतीत. पण त्या दोघींनी पुढे काय केले? दुसऱ्यांच्या मुलींसाठी शाळा काढल्या. घरातले ज्ञान घरातच ठेवायचे नसते, हे त्यांना कळले होते.

मलाही ते वेगळ्या वाटेने कळले. दुपारी शाळा सुटली, की खिडकीतून पोरांचा गलका ऐकू येई. पाढ्यांत मी पुढे होतो. पण विटीदांडूत हरून पुन्हा खेळायला कसे जावे, शेजारी बसलेल्याशी भांडून त्याच्याच डब्यातले कसे खावे, हे शिकवणे आत्याच्या हाती नव्हते. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी आईचा जीव धजेना. आत्याच म्हणाली, "जाऊ दे त्याला. माझ्याजवळ होतं ते देऊन झालं." माझ्याखेरीज तिला दिवसभर बोलायला कोणी नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

मुलीला मी नाही म्हटले नाही. एवढेच सांगितले, की १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातला हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा आहे. आईबापांचा नव्हे, मुख्याध्यापक आजोबाचाही नव्हे. तुझ्याजवळ आहे ते त्याला भरभरून दे. मात्र देऊन झाले, हे ओळखायची तयारी ठेव. आणि रोज संध्याकाळी त्याला खाली मैदानात सोड. ती गप्प राहिली. नंतर तिने विचारले, "आत्याआजीला कसं कळलं हो, बाबा, की देऊन झालं?"

चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गांत तीस वर्षे शिकवूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही.